अजून थोडी नीळ

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये मी ताव तपासले.
सकाळचा भोंगा, गेटवरची झडती, मग टेबल,
ट्यूबलाइटखाली पांढरा कागद आणि त्यावर केसाएवढ्या रेषा.
एखादी तुटली, पसरली, शेजारणीला चिकटली
की ताव बाजूला.
पलीकडच्या खुर्चीवर इंदू खैरनार. ती म्हणायची,
बाई गं, मला आता नवऱ्याचा चेहराही
मार्जिनपासून दिसायला लागलाय.

आता जेल रोडचं घर, दुसरा मजला,
बाथरूममध्ये पाटावर बसलेली मी,
हातात दात पडलेला टूथब्रश
आणि समोर टाइल्समधल्या फटी :
दाराशी पिवळ्या, पुढे तपकिरी, नळाखाली चक्क काळ्या.
बोअरचं पाणी. साबण. सत्तावीस वर्षांच्या आंघोळी.

ॲसिड नेऊ नका, बिटकोजवळचा हार्डवेअरवाला म्हणाला,
टाइल चकाकेल हो, पण सांधे खाऊन टाकतं ते.
म्हणून खाण्याचा सोडा, पिठल्याइतका सैल,
फटीत भरायचा, दहा मिनिटं थांबायचं
(थांबणं मला नोकरीने शिकवलं नव्हतं),
मग घासायचं, रेषेच्या अंगाने, आडवं नाही.
एका टाइलला बाजू चार,
पण दोघींच्या मधली रेघ एकच,
हा हिशोब गुडघ्यांना उशिरा कळतो.

तिसऱ्या दिवशी लोखंडी मांडणी सोडवली.
चार गंजलेले स्क्रू, एक तुटला.
मागे वीतभर भिंत,
घर झाल्यापासून तिथे ना पाणी पोचलं ना हात.
तिथल्या फटी पांढऱ्या नव्हत्या.
मी चष्मा पुसला. टॉर्च आणली.
निळसर. किंचितच,
दोरीवर वाळणाऱ्या सदऱ्याच्या कॉलरला असतो तेवढा.

म्हणजे तीन दिवस मी ज्या पांढऱ्यासाठी घासत होते
तो इथे कधी नव्हताच.
आणि अर्पिताने मागवलेली पांढऱ्या ग्राउटची पिशवी
उंबऱ्याशी, तोंड कापून तयार.

हाक मारली. हे आले, पेपर हातातच.
व्हाइट सिमेंटमध्ये नीळ घातली होती का हो तुम्ही?
मी कशाला, हे म्हणाले. तूच.
लहानू गवंडी घमेलं घेऊन उभा होता,
तू ड्यूटीवरून आलेली, पर्स खांद्यालाच,
म्हणालीस, घरात तरी पांढरं नको,
दिवसभर डोळ्यांत खुपतं.
कपाटातली नीळ तूच आणून दिलीस.
त्याने चिमूट टाकली,
तू म्हणालीस, अजून थोडी.

मला आठवत नाही.
लहानू आठवतो, घमेल्याच्या कडीला बांधलेला लाल फडका आठवतो,
इंदूच्या डब्यातली तोंडली आठवतात, साल सांगू शकते.
माझंच हे एक वाक्य मात्र नाही.
कुणाचंसं वाटतं,
जरा लाडात आलेलं,
मागायला न लाजणारं.

नीळ वाण्याकडे मिळाली, धुळीचा थर पुसून दिली त्याने.
बाटल्यांच्या पाच झाकणांत पाच मिश्रणं,
खिडकीत वाळत ठेवली.
ओलं असताना सगळंच गडद,
पहिलं तर थेट शाळेचा युनिफॉर्म.
दुपारी चौथं जुळलं.
बोटाने दाबून भरलं, ओल्या स्पंजने तिरकं पुसलं,
माझं बोट अजून सरळ चालतं.

दाराजवळ मिश्रण संपलं.
नवं कालवलं, अंदाज चुकला.
रात्री हे पाय पुसत म्हणाले,
इथली एक रेघ जास्त निळी झालीये.
माहीत आहे, मी म्हटलं.
सकाळी त्याच रेघेवर ओला पाय पडला,
खाली वाकून पाहिलं, सवयीने,
आणि बाजूला काढायला
काही नव्हतं.